पहिला चेंडू, पहिली विकेट... आणि पुढचे एकोणसत्तर ओव्हर

शनिवारी जुनी स्कोअरकार्डं चाळायची मला वाईट खोड आहे. काल हाती लागलं ते कोलंबोचं, ऑगस्ट १९९७ चं. प्रेमदासा स्टेडियम, कप्तान सचिन. आपण ५३७ वर ८ बाद असा डाव घोषित केला आणि २४ वर्षांच्या नीलेश कुलकर्णीच्या हाती चेंडू आला. गडी उंच, डावखुरा स्पिनर, डोंबिवलीचा. म्हणजे आम्हा विरारवाल्यांसारखाच लोकलमधला, फक्त सेंट्रलचा!

कसोटीतला त्याचा पहिलाच चेंडू आणि अटापट्टू यष्टीमागे मोंगियाच्या हाती. पहिल्या चेंडूवर विकेट घेणारा तो पहिला भारतीय. श्रीलंका १ बाद ३९, दुसरा दिवस संपला. त्या रात्री पोराला झोप तरी लागली असेल का?

पुढचे दोन दिवस एकही विकेट पडली नाही. हो, अख्खे दोन दिवस! जयसूर्या ३४०, महानामा २२५, भागीदारी ५७६. दुसरी विकेट पडली ती थेट ६१५ वर. शेवटी ६ बाद ९५२. हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

कुलकर्णीचे आकडे: ७० ओव्हर, १९५ रन, १ विकेट. लोक हे हसत सांगतात. पण जरा शेजारच्या ओळी वाचा. कुंबळे ७२ ओव्हरमध्ये २२३ ला १, राजेश चौहान ७८ मध्ये २७६ ला १. तिघा स्पिनरांत ओव्हरमागे सगळ्यात कमी रन नवख्यानेच दिलेत. त्या पाटा खेळपट्टीवर आणखी काय करायचं होतं त्याने?

तीन कसोट्या, दोन विकेट, सरासरी १६६. शेवटची मार्च २००१, चेन्नई, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. त्या मॅचमध्ये पंधरा विकेट हरभजनच्या, मग इतर कोण खेळलं ते कुणाला आठवतं? मुंबईसाठी मात्र तो वर्षानुवर्षं राबला, प्रथम श्रेणीत साडेतीनशेहून जास्त विकेट. २०१० मध्ये त्याने मुंबईत स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकवणारी संस्था काढली.

गंमत अटापट्टूची. त्याच्या पहिल्या सहा कसोटी डावांतल्या रन मिळून एक. एक! तरी श्रीलंकेने त्याला परत परत घेतलं, आणि २००७ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा नावावर सहा द्विशतकं होती.