कुवेतला स्वतःवर हसायला लावणारा नट

इराणी आखाताच्या टोकाला कुवेत नावाचा चिमुकला देश आहे. त्याचं नाव काढलं की आपल्याला तेल आठवतं. पण शंभर वर्षांमागं तिथला माणूस पोट भरत होता समुद्रावर. उन्हाळ्यात मोत्यांसाठी बुड्या मारायच्या, मग बसऱ्याचा खजूर गलबतात भरून मुंबई-मलबार गाठायचं, नि परत जाताना सागवान न्यायचं. हा व्यवहार इतका दाट की १९६१ सालापर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चालत असे.

अशाच एका खलाशाच्या घरी १९३९ साली अब्दुलहुसेन अब्दुलरझा जन्मले. चौदा भावंडांतले ते सातवे. त्याच साली कुवेतच्या मुबारकिया शाळेतल्या मुलांनी खलिफा उमर यांच्या जीवनावरचं एक नाटक केलं होतं. त्या देशात रंगभूमीचं रोप लागलं ते असं शाळेच्या आवारात. शिक्षकबंधूंनी हे जरूर ध्यानात ठेवावं. गॅदरिंगचं नाटक म्हणजे वेळेचा अपव्यय, असं म्हणणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत.

अब्दुलहुसेन काही नट व्हायचं म्हणून निघाले नव्हते. सरकारी खात्यात ते छपाईच्या कामावर होते. ती विद्या शिकायला सरकारनं त्यांना आधी इजिप्तला नि पुढं जर्मनीला धाडलं. इकडे १९६१ साली कुवेत स्वतंत्र झाला. सरकारनं इजिप्तचे नामांकित दिग्दर्शक झकी तुलैमात यांना बोलावून ‘अरब रंगभूमी’ ही नाटक मंडळी उभी केली. १९६२ साली तिचं ‘सक्र कुरैश’ हे ऐतिहासिक नाटक झालं. दोन कुवेती स्त्रिया त्यात प्रथमच रंगमंचावर आल्या. त्याच नाटकात बदली नट म्हणून आमच्या छपाईवाल्याला संधी मिळाली.

ते नाटक होतं ग्रांथिक अरबीत. आपल्याकडे संस्कृतप्रचुर भाषेत पल्लेदार वाक्यं म्हणावीत, तसा प्रकार. अब्दुलहुसेन यांचं खरं तेज दिसलं ते पुढं, जेव्हा ते बाजारातली, बंदरावरची कुवेती बोली बोलू लागले तेव्हा. ‘अशी गावंढळ भाषा नाटकात कशाला?’ असं विचारायला मग कुणाला उसंतच उरली नाही. लोक हसत होते ना!

आणि हसण्यासारखं घडतही होतं. तेलाचं पहिलं जहाज १९४६ साली परदेशी गेलं आणि पैशाचा पूर आला. जुनं शहर पाडून नवं बांधायचं ठरलं. जुन्या तटाच्या आतली मातीची घरं सरकारनं भरमसाट किंमत देऊन विकत घेतली. काल ज्याच्या घरी हंडाभर गोड्या पाण्याची मारामार, तो आज लखपती! या पैशाचं करायचं काय, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

यावरच १९७७ साली दूरचित्रवाणीवर ‘दर्ब अझ-झलग’ ही मालिका आली. नावाचा अर्थ ‘निसरडी वाट’. अब्दुलहुसेन आणि साद अल-फराज यांनी त्यात दोन भावांची कामं केली. घराचे पैसे हाती येतात आणि भाऊ धंद्यात पडतात. डबाबंद मांस आणावं, तर ते निघतं कुत्र्यांचं खाणं. एक भामटा तर त्यांच्या गळ्यात इजिप्तचा पिरॅमिड मारू पाहतो. या भावांच्या आईचं काम अब्दुलअझीझ अन-नमश या पुरुष नटानं केलं. आपल्या बालगंधर्वांसारखं देखणं रूप नव्हे हो, चांगली खमकी म्हातारी! धरणाखाली जमीन गेलेल्या नि मोबदल्याचे पैसे हाती आलेल्या आपल्या कुठल्याही गावात ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

हा नट दुसऱ्याची टिंगल करत नव्हता. १९८१ सालच्या ‘बाय बाय लंडन’मध्ये लंडनला पैसे उधळायला गेलेला आखाती शेठ त्यानं स्वतःच रंगवला. १९८२ साली कुवेतमधला सूक अल-मनाखचा शेअरबाजार कोसळला. पुढच्या तारखांचे, न वटणारे चेक सुमारे ९४ अब्ज डॉलरचे निघाले. वर्षभरात त्यावरही ‘मनाखचे घोडेस्वार’ या अर्थाच्या नावाचं नाटक आलं. ज्यांचे पैसे बुडाले होते तेच तिकीट काढून आले असतील, असं मला वाटतं.

विनोदाची किंमतही मोजावी लागली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजांनी कुवेत गिळलं. सात महिन्यांनी ते सुटलं. १९९२ साली अब्दुलहुसेन ‘सैफ अल-अरब’ या नाटकात खुद्द सद्दाम हुसेन बनून उभे राहिले. त्या दिवसांत त्यांच्या मोटारीवर गोळीबार झाला. ते वाचले.

११ ऑगस्ट २०१७ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. ते शिया पंथाचे. सौदी अरेबियातल्या एका धर्मोपदेशकानं, यांच्यासाठी कुणी ईश्वराची दया मागू नये, असं जाहीर केलं. त्यावर सुन्नीसुद्धा खवळले. आमच्या घरात हा माणूस चाळीस वर्षं हसवत आला, तुम्ही कोण सांगणार? असा लोकांचा सूर होता. अखेर त्या उपदेशकाला सौदी सरकारनंच चौकशीला बोलावलं. कुवेतमध्ये अंत्यविधीला दोन्ही पंथांचे लोक लोटले. तिथल्या सालमिया भागात एक नाट्यगृह आहे, त्याला अब्दुलहुसेन अब्दुलरझा यांचं नाव दिलेलं आहे.