लष्करच्या भाकऱ्या

रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात सिरपूरहून आणलेला एक शिलालेख आहे. त्याच्यासमोर उभे राहा. अक्षरं लागणार नाहीत, संस्कृतही कळणार नाही, हरकत नाही. आता तो दगड इथे नाही असं समजा. ही इमारतही नाही. बाहेर पडा. 1881-82 चा हिवाळा आहे.

शहर आक्रसून तळ्यांचं गाव झालंय. बूढा तालाब आजच्यापेक्षा ऐसपैस पसरलाय. आगगाडीची शिटी ऐकू येणार नाही, रूळ अजून रायपूरला पोचायचे आहेत. दोनेक वर्षांपूर्वी इथे एका बंगाली वकिलाचं बिऱ्हाड होतं. त्यांचा नरेंद्र नावाचा पोरगा याच गल्ल्यांतून हुंदडून कलकत्त्याला परत गेला. पुढे त्याला जग विवेकानंद म्हणणार आहे, पण हे तुम्ही इथे कुणाला सांगू नका. 1875 साली उघडलेलं अष्टकोनी अजबघर मात्र बघून घ्या.

गोरा फौजी दिसला की लोक बाजूला होतात. कारण जुनं नाही. 18 जानेवारी 1858 ला इथल्या पलटणीतल्या हनुमानसिंहाने सार्जंट मेजर सिडवेलला त्याच्या घरात घुसून मारलं, आणि चारच दिवसांनी सतरा शिपाई फासावर चढले. हनुमानसिंह निसटला तो निसटलाच. फाशी पाहिलेली माणसं आज जेमतेम चाळिशी-पन्नाशीत आहेत.

तुम्हाला गाठायचाय तोही गोरा फौजीच. मेजर जनरल अलेक्झांडर कनिंगहॅम, वय 67, हिवाळा सरेपर्यंत 68. त्याच्या वयाची माणसं विलायतेत शेकोटीशी पाय लांब करून बसतात. हा सिरपूरच्या जंगलात पडक्या देवळाची मापं घेतोय.

बैलगाडी करा. आरंगपर्यंत रस्ता बरा आहे. तिथलं जुनं जैन देऊळ पाहायला थांबलात तरी चालेल. गाडीवान सकाळी मडक्यातली बासी काढतो, रात्रभर पाण्यात राहिलेला भात, वर मीठ, मिरची. तुमच्यापुढेही ठेवतो. खा. आंबट लागेल, पण दुपारपर्यंत पोट थंड राहतं. पुढे महानदी. हिवाळ्यात पाणी एका कडेला आणि बाकी सगळी वाळू. चाक रुततं. उतरा, जोडे काढून ठेवा आणि खांदा लावा.

घाम पुसताना या म्हाताऱ्याचा हिशेब मांडून बघा. एकोणिसाव्या वर्षी कंपनीच्या बंगाल इंजिनिअर्समध्ये तो आला. काशीजवळ नेमणूक असताना सारनाथचा धामेक स्तूप खणायला घेतला, तोही पदरमोड करून. वरिष्ठांनी सांगितलं नव्हतं, पगार वाढणार नव्हता. आपल्याकडे याला लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात. याने लष्कराचं खाऊन इतिहासाच्या भाजल्या. डिसेंबर 1843 मध्ये ग्वाल्हेरजवळ पनिहारला तो शिंद्यांच्या फौजेविरुद्ध लढला, म्हणजे आपल्याच माणसांवर तोफा डागणाऱ्यांत होता. मग शिखांशी दोन युद्धं, त्यात चिलियांवालाची लढाई. 1861 मध्ये सैन्यातून निवृत्त झाला आणि त्याच वर्षी सरकारचा पुरातत्त्व सर्वेक्षक. पाचेक वर्षांत सरकारने ते खातंच गुंडाळलं. गडी लंडनला जाऊन एका बँकेचा संचालक झाला, फावल्या वेळात भारताच्या प्राचीन भूगोलावर जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि 1870 मध्ये खातं पुन्हा उभं राहिलं तेव्हा बँक सोडून परत आला. 1873 च्या नोव्हेंबरात नागपूरकडे येता येता वाटेत त्याला भारहूतचा स्तूप सापडला.

भारावून जायचं कारण नाही. 1851 साली याने आणि कॅप्टन मेसीने सांचीचे स्तूप पोखरले आणि अस्थींच्या डब्या विलायतेला गेल्या. इतिहासावरचं प्रेम आणि हात मारण्याची सवय एकाच माणसात नांदू शकते.

आता झाडीतून लाल शिखर दिसेल. थांबा.

लक्ष्मण मंदिर. सातव्या शतकातलं आणि विटांचं. दगडी आहे ती द्वारशाखा. तिच्या माथ्यावर शेषशायी विष्णू पहुडलाय. बाकी सगळी नक्षी, गवाक्षांच्या कमानीसुद्धा, विटेत कोरलेली. सांधे इतके बारीक की नखही शिरायचं नाही. पुढचा मंडप कोसळून त्याचा ढिगारा झालाय. त्या ढिगाऱ्यावर तो उभा आहे. तुम्हाला बघून टेपचं एक टोक पुढे करतो. धरा. ताणून धरा.

हा इंजिनिअर आहे हे त्याच्या मापांत दिसतं. त्याचा खरा वाटाड्या चिनी प्रवासी ह्युएनत्संग. सहा ली म्हणजे एक मैल, या गुणोत्तरावर त्याने अर्ध्या हिंदुस्थानातली हरवलेली गावं नकाशावर बसवली. ह्युएनत्संगाच्या कोसल देशात शंभर विहार होते, दहा हजार भिक्षू होते. त्या देशाची राजधानी कुठली? 1871 च्या ग्रंथात कनिंगहॅमने कौल दिला होता आपल्या चांद्याला. आज अनेक अभ्यासकांचं बोट या सिरपूरकडे वळतं.

मला या माणसाचं सगळ्यात जास्त काय खुपतं सांगू? विटा. हडप्पाला हा तीनदा गेला. तिथल्या विटा लाहोर-मुलतान रेल्वेच्या खडीसाठी उपसल्या गेल्याचं त्याने नोंदवलं, बैलाची मुद्रा छापली आणि ती परदेशी ठरवून मोकळा झाला. पाच हजार वर्षं हातात आली होती. सिरपूरचं नशीब एवढंच की इथून त्या काळात रूळ गेले नाहीत.

टेप ढिला सोडू नका. तुम्हाला माहीत आहे ते त्याला माहीत नाही. त्याच्या बुटाखालच्या ढिगाऱ्यात तोच दगड पडलाय, ज्याच्यासमोर तुम्ही सकाळी उभे होता. त्यावर एका बाईचं नाव आहे. वासटा. मगधाच्या सूर्यवर्म्याची मुलगी, हर्षगुप्ताची विधवा, महाशिवगुप्त बालार्जुनाची आई. नवऱ्याच्या आठवणीसाठी तिने हे देऊळ बांधलं. सांगावंसं वाटतं ना? तोंड उघडाल, तोवर तो आकडा टिपून पुढच्या कोपऱ्याकडे निघालेला असेल.

तो गेला. अहवालाचा सतरावा खंड 1884 मध्ये छापून निघाला, पुढच्या वर्षी तो कायमचा निवृत्त झाला. त्याच सुमाराला त्याचा बराच संग्रह घेऊन निघालेलं 'इंडस' जहाज लंकेच्या किनाऱ्याजवळ बुडालं. वासटेचा लेख पुढे विसाव्या शतकात रायबहादूर हिरालाल यांनी प्रसिद्ध केला. आणि 1953 पासून मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी माणसाने इथे कुदळ लावली तेव्हा जमिनीखालून आनंदप्रभू भिक्षूचा विहार वर आला, भूमिस्पर्श मुद्रेतल्या बुद्धासकट. तिथल्या लेखात अन्नसत्राचाही उल्लेख आहे. म्हणजे भाकऱ्या इथे आधीपासूनच भाजल्या जात होत्या. कनिंगहॅम त्यांच्यावरून चालून गेला.

परत या. रायपूरहून सिरपूर आता ऐंशीएक किलोमीटर, नदीवर पूल आहे, खांदा लावावा लागत नाही. आधी संग्रहालयातला दगड बघा, मग देवळाकडे जा. उलट क्रमाने गेलात तर वासटा राहून जाईल. आणि विटांवरून हात फिरवू नका.