जुनं चाक विणायचं, की नवं घ्यायचं?

‘स्टेपनी’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो मुळात वेल्समधल्या एका रस्त्याच्या नावातून आलाय. लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली मोटारीसाठी जादा चाक विकायला काढलं. त्या काळी गाडीचं चाक सहज निघतच नसे. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून चाकावरचा टायर तिथल्या तिथे उतरवायचा. स्टेपनी म्हणजे टायर चढवलेली नुसती रिम, आरे नसलेली. ती पंक्चर झालेल्या चाकाला बाजूने आवळायची आणि घर गाठायचं.

या त्रासावर खरा उपाय निघाला कॉव्हेंट्रीत, रज-व्हिटवर्थ या सायकलवाल्या कंपनीत. १९०८च्या सुमारास जॉन प्यू यांनी तारांचं असं चाक पुढे आणलं, जे अख्खंच काढता येई. गाडीच्या हबवर उभ्या खाचा, चाकाच्या आत तशाच खाचा. चाक सरकवायचं, मधोमध एकच मोठा नट लावायचा आणि त्याच्या कानांवर हातोडी मारून तो घट्ट करायचा. स्टेपनीचं काम संपलं. शब्द मात्र आपल्याकडे राहिला.

हे चाक सायकलवाल्यांना सुचलं यात नवल नाही. याच कॉव्हेंट्रीत जेम्स स्टार्ली यांनी १८७४ साली तिरप्या स्पोकच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. तार ढकलू शकत नाही, ती फक्त ओढू शकते. म्हणून सगळे स्पोक आधीच ताणून ठेवायचे. गाडीचं वजन आलं की खालच्या स्पोकचा ताण थोडा उतरतो, पण सगळे मिळून हबला मधोमध धरून ठेवतात. तिरपे असल्यामुळे ते पेडलचा पीळही रिमपर्यंत पोचवतात. चाक डुगडुगलं की कोपऱ्यावरचा सायकलवाला त्याचा ‘आऊट’ काढतो, तो हा ताण पुन्हा सारखा करून.

मोटारीत मात्र या चाकाचे कामाचे दिवस लवकर संपत आले. १९४५ ते १९४९ या काळात बनलेल्या एमजी टीसीला १९ इंची तारांची चाकं होती. १९५०च्या टीडीला साधी पत्र्याची चाकं आली, तेव्हा शौकिनांनी नाकं मुरडली. जॅग्वारच्या सी-टाइपने १९५१ आणि १९५३ साली ल मॉन्सची शर्यत जिंकली ती तारांच्या चाकांवर. पण १९५४च्या डी-टाइपला कंपनीने डनलॉपची हलक्या मिश्रधातूची चाकं दिली. शर्यतीतला कारभार तिथे बदलला. तरीही १९६१ साली रस्त्यावर आलेल्या ई-टाइपला पुन्हा ७२ स्पोकची चाकं होती. माझ्या मते इथे हे चाक गरजेतून निघून हौसेत गेलं. आज ज्या चाकांसाठी आपण जीव टाकतो, त्यांतली बरीचशी बनली तेव्हाच आठवण म्हणून बनली होती.

म्हणून जुनी चाकं दुरुस्त करायची की नवी घ्यायची, या प्रश्नात ‘मूळचं ते पवित्र’ हे उत्तर मला पुरत नाही. मी आधी पेन्सिल घेऊन एकेक स्पोक वाजवतो. ताणलेला स्पोक खणखणतो, सैल असलेला बद्द आवाज देतो. सैल स्पोक आवळता येतो, तुटलेला बदलता येतो. या चाकाची रचनाच तशी आहे. सगळे स्पोक नवे घालून विणलेलं जुनं चाक मला खोटं वाटत नाही. रिम गंजून पातळ झाली असेल किंवा तिला तडा असेल, तर मात्र वरून कितीही रंग दिला तरी उपयोग नाही.

खरा निकाल लागतो तो आतल्या खाचांवर. त्यांचे दाते झिजून टोकदार झाले असतील, ब्रेक लावताना किंवा रिव्हर्स घेताना चाकातून ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर तिथे भावनेला जागा नाही. ब्रेक हबला थांबवतो. चाक थांबतं ते त्या दात्यांमुळे. दाते गेले तर हब थांबेल, चाक फिरत राहील, आणि गाडीत माणसं असतील. झिजलेल्या हबवर नवं चाक चढवणंही फुकट, कारण जुने दाते नव्या दात्यांना खातात. बदलायचं तर जोडीने.

आणि नवं चाक म्हणजे परकं चाक असंही नाही. डनलॉपसारखे इंग्रज कारखाने या धंद्यातून बाहेर पडले, पण चेन्नईची व्हील्स इंडिया कंपनी आजही तारांची चाकं बनवून परदेशी पाठवते. एखाद्या इंग्रज म्हाताऱ्याच्या लाडक्या गाडीखाली तमिळ कामगारांच्या हातचे स्पोक असू शकतात. कॉव्हेंट्रीची ती कला मेली नाही, तिने फक्त गाव बदललं. हाताने चाक विणणारा कारागीर जुन्या रिमवर बसला काय नि नव्या रिमवर बसला काय, त्याच्या बोटांत तेच ज्ञान असतं.

तेव्हा माझा हिशेब असा. खाचा शाबूत आणि रिम निरोगी असेल, तर चाक पुन्हा विणून घ्या, थोडं महाग पडलं तरी. खाचा गेल्या असतील तर हबसकट नवं घ्या. आणि जुनं चाक भंगारात देऊ नका. त्याच्यावर कारखान्याचा छाप असतो, कुणीतरी कधीतरी केलेल्या दुरुस्तीच्या खुणा असतात. कोणत्या गाडीचं, कधी उतरवलं, का उतरवलं, एवढं चिठ्ठीवर लिहून ते गॅरेजच्या भिंतीला टांगा. रस्त्यावर धावणं हे आता त्याचं काम नाही. पण पुढे कुणाला ती गाडी मुळात कशी होती हे बघायचं असेल, तर तेच चाक कामी येईल.