पुलगावच्या आमदार ते राजस्थानच्या राज्यपाल : प्रभा राव

वर्धा जिल्ह्याच्या राजकारणात स्वातंत्र्योत्तर काळात ज्या महिलांनी स्वतःचे स्थान निर्माण केले, त्यांत प्रभा राव यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. विधानसभेच्या पाच निवडणुका, राज्य मंत्रिमंडळ, विरोधी पक्षनेतेपद, दोन वेळा काँग्रेसचे प्रदेशाध्यक्षपद, लोकसभा आणि अखेरीस दोन राज्यांचे राज्यपालपद अशी त्यांची वाटचाल होती. मात्र राज्याच्या राजकीय इतिहासात त्यांचा उल्लेख बहुधा एकाच घटनेच्या संदर्भात होतो, ती म्हणजे १९८५मधील वसंतदादा पाटील यांचा राजीनामा.

प्रभा राव यांचा जन्म ४ मार्च १९३५ रोजी मध्य प्रदेशातील खांडवा येथे झाला. त्यांची राजकीय कर्मभूमी मात्र वर्धा जिल्हा ठरली. १९७२मध्ये त्या पुलगाव मतदारसंघातून काँग्रेसच्या उमेदवार म्हणून प्रथम विधानसभेवर निवडून आल्या. पुलगाव हे कापड गिरणीचे आणि लष्कराच्या दारूगोळा भांडाराचे गाव, तर आजूबाजूचा सारा परिसर कापूस पिकविणारा. सत्तरच्या दशकातच त्यांच्याकडे शिक्षण खात्याचे राज्यमंत्रिपद आले.

पहिल्या महिला विरोधी पक्षनेत्या

आणीबाणीनंतर काँग्रेसमध्ये फूट पडली. १९७८च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात दोन काँग्रेस परस्परांविरुद्ध लढल्या. पश्चिम महाराष्ट्रातील बहुसंख्य मातब्बर नेते रेड्डी काँग्रेसमध्ये होते, तर विदर्भ इंदिरा गांधी यांच्या पाठीशी उभा राहिला. प्रभा राव यांनीही इंदिरा काँग्रेसची साथ दिली आणि पुलगावची जागा राखली. त्याच वर्षी जुलैमध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली 'पुलोद' सरकार सत्तेवर आले आणि इंदिरा काँग्रेस विरोधी बाकांवर गेली. १९७९मध्ये प्रभा राव विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्याच वर्षी त्यांच्या पाठोपाठ प्रतिभा पाटील यांच्याकडे हे पद आले. पडत्या काळातील ही निष्ठा दिल्लीतील पक्षश्रेष्ठींच्या लक्षात राहिली. १९८० आणि १९८५ या दोन्ही निवडणुकांत पुलगावने त्यांना पुन्हा कौल दिला.

वसंतदादांचा राजीनामा

मार्च १९८५मधील निवडणुकीनंतर वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. काही आठवड्यांतच तत्कालीन काँग्रेस अध्यक्ष राजीव गांधी यांनी प्रभा राव यांची प्रदेशाध्यक्षपदी नियुक्ती केली. ही निवड वसंतदादांना मान्य नव्हती. जूनच्या प्रारंभी त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले आणि शिवाजीराव पाटील-निलंगेकर त्यांच्या जागी आले.

सहकारी साखर कारखानदारीतून उभे राहिलेले, जनाधार असलेले मुख्यमंत्री आणि पक्षश्रेष्ठींच्या विश्वासातील प्रदेशाध्यक्ष असा हा संघर्ष मानला गेला. 'दिल्लीने लादलेला अध्यक्ष' ही ओळख प्रभा राव यांना तेव्हापासून चिकटली. हा शिक्का पूर्णतः न्याय्य नव्हता. अध्यक्षपद श्रेष्ठींनी दिले असले, तरी ते स्वीकारताना त्या चार वेळा मतदारांसमोर जाऊन निवडून आलेल्या आमदार होत्या. १९८८मध्ये प्रदेशाध्यक्षपद प्रतिभा पाटील यांच्याकडे गेले. १९८८-८९ या काळात प्रभा राव राज्याच्या महसूल व सांस्कृतिक कार्य मंत्री होत्या.

कापसाच्या प्रश्नाचा फटका

त्यांच्या मतदारसंघातील खरे आव्हान मात्र पक्षांतर्गत नव्हते. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२मध्ये, म्हणजे त्या प्रथम निवडून आल्या त्याच वर्षी, प्रत्यक्षात आली. पुढे भाव आणि चुकारे यांवरून शेतकऱ्यांत असंतोष वाढत गेला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने तो संघटित केला. १९९०च्या निवडणुकीत संघटनेचे उमेदवार जनता दलाच्या तिकिटावर उभे राहिले. पुलगावची जागा सरोज काशीकर यांनी जिंकली, तर समुद्रपूर तालुक्याचा समावेश असलेल्या हिंगणघाट मतदारसंघातून डॉ. वसंतराव बोंडे विजयी झाले. दीर्घकाळ सत्तेत राहिलेल्या पक्षाला कापूस उत्पादकांनी दिलेला हा इशारा होता.

प्रभा राव यांनी १९९५मध्ये पुलगाव पुन्हा मिळविले. त्या वर्षी राज्यात काँग्रेसची सत्ता गेली होती, हे लक्षात घेता या विजयाचे मोल अधिक ठरते. १९९९मध्ये त्या वर्धा मतदारसंघातून लोकसभेवर गेल्या. २००४मध्ये भाजपचे सुरेश वाघमारे यांनी त्यांचा पराभव केला. त्यानंतर प्रदेशाध्यक्षपदाची धुरा पुन्हा त्यांच्याकडे आली. आघाडीत राष्ट्रवादीचे ७१ आणि काँग्रेसचे ६९ आमदार असताना मित्रपक्षाशी जुळवून घेत संघटना सांभाळण्याचे काम त्यांना करावे लागले. नारायण राणे यांचा २००५मधील काँग्रेसप्रवेश त्यांच्याच कारकिर्दीतील.

राजभवनात

जुलै २००८मध्ये त्या हिमाचल प्रदेशच्या राज्यपाल झाल्या. डिसेंबर २००९मध्ये राजस्थानचे राज्यपाल एस. के. सिंह यांच्या निधनानंतर तेथील अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे आला आणि जानेवारी २०१०मध्ये त्या राजस्थानच्या पूर्णवेळ राज्यपाल झाल्या. योगायोग असा, की मुख्यमंत्रिपद सोडल्यानंतर वसंतदादांनीही याच राज्याचे राज्यपालपद स्वीकारले होते आणि २००४ ते २००७ या काळात प्रतिभा पाटीलही तेथेच राज्यपाल होत्या. २६ एप्रिल २०१० रोजी दिल्लीत प्रभा राव यांचे निधन झाले.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९पासून 'पुलगाव' हे नाव विधानसभेच्या यादीतून गेले आणि देवळी मतदारसंघ अस्तित्वात आला. प्रभा राव यांचे भाचे रणजित कांबळे यांनी १९९९पासून आधी पुलगावचे आणि नंतर देवळीचे प्रतिनिधित्व केले. त्यांच्या कन्या चारुलता टोकस यांना २०१९च्या लोकसभा निवडणुकीत वर्ध्यातून यश मिळाले नाही. २०२४मध्ये भाजपचे राजेश बकाने देवळीतून विजयी झाले आणि या मतदारसंघावरील राव-कांबळे कुटुंबाचे सलग २९ वर्षांचे वर्चस्व संपुष्टात आले. दिल्लीचा विश्वास पदे देतो, मतदारसंघ मात्र प्रत्येक निवडणुकीत नव्याने मिळवावा लागतो. प्रभा राव यांच्या कारकिर्दीने ही दोन्ही सत्ये अनुभवली.