बोटाखालचा फोकस : टचस्क्रीन कॅमेऱ्याची कुळकथा

खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याच्या पाठीवर टचस्क्रीन आली ती मुख्यतः फोटो दाखवण्यासाठी. फोटो काढण्याच्या कामाला ती पुरती जुंपली गेली ती नंतर. असा कॅमेरा पारखताना हा क्रम ध्यानात ठेवला, तर निवड चुकत नाही.

कॅमेऱ्याचे कूळ वेगळे आणि टचस्क्रीनचे वेगळे. कोडॅकमधील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी 1975 मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्रात अवघे 10,000 बिंदू आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. ते पाहायचे तर टीव्ही लागे. बोटाने चालणारा पडदा याच्याही दहा वर्षे आधीचा. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी 1965 मध्ये तो मांडला, तो विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांसाठी.

1995 मध्ये कॅसिओच्या क्यूव्ही-10 ने पाठीवर 1.8 इंची रंगीत पडदा आणला आणि काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसू लागला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांत तेव्हा 36 फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरत. बारशाला घातलेला रोल कधी मुंजीपर्यंतही चाले. मग तो स्टुडिओत धुवायला टाकायचा आणि नेमके कोणाचे डोळे मिटले हे फोटो हातात आल्यावरच कळायचे. त्या पडद्याचे अप्रूप यावरून समजते.

2005 मध्ये सोनीने डीएससी-एन1 हा तीन इंची टचस्क्रीनचा, 8 मेगापिक्सेलचा कॅमेरा काढला. कार्ड रिकामे केले तरी 500 फोटोंच्या लहान प्रती त्याच्या पोटात राहत आणि बोटाने चाळता येत. लग्नाच्या अल्बमभोवती पाहुणे जमतात तसे कॅमेऱ्याभोवती जमावेत, असा हा घाट होता. खरे वळण 2008 मध्ये पॅनासॉनिकच्या एफएक्स500 या कॅमेऱ्यात दिसते. पडद्यावर ज्या माणसावर बोट ठेवावे त्याच्यावर फोकस बसे आणि तो हलला तरी त्याच्यामागे जाई. ही सोय फोनकडून कॅमेऱ्याकडे आली असा समज आहे. पण आयफोनला बोटाने फोकस करणे जमले ते 2009 च्या 3जीएसमध्ये.

या सोयीची कसोटी डोंबिवलीत गुढीपाडव्याला लागते. श्री गणेश मंदिर संस्थानने 1999 मध्ये नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली, तिचे लोण पुढे ठाण्यात आणि राज्यभर पोहोचले. फडके रोडवर ढोल-ताशा, लेझीम, नऊवारीतल्या दुचाकीस्वार मुली आणि मध्येच आडवा येणारा भगवा ध्वज. अशा गर्दीत कॅमेरा आपल्या मनाने जवळचा चेहरा किंवा ध्वजच धरतो. हवा तो चेहरा माणसाला बोटाने सांगावा लागतो, आणि तो किती चटकन पकडला जातो यावरच टचस्क्रीनची किंमत ठरते. मेनूची चित्रे सरकवण्यापुरतीच ती असेल, तर बटणे बरी.

पडद्याची जातही पाहावी लागते. सुरुवातीचे बहुतेक पडदे दोन पातळ थरांचे. दाबले की थर एकमेकांना टेकत. त्यांना जोर लागे, पण नखानेही काम होई. पुढचे पडदे बोटाच्या स्पर्शाने विद्युतभारात होणारा बदल ओळखतात. ते हलक्या स्पर्शाला दाद देतात, मात्र पाण्याच्या थेंबाला बोट समजून फसतात. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात पावसात जाणाऱ्याला म्हणूनच शटरचे खरेखुरे बटण हवेच.

टचस्क्रीन कितीही चांगली असली तरी उजेड टिपतो तो सेन्सर. साध्या छोट्या कॅमेऱ्यांतील सेन्सर सुमारे 28 चौरस मिलिमीटरचा, तर 'एक इंची' म्हणून ओळखला जाणारा 116 चौरस मिलिमीटरचा असतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे, उजाडण्याआधी, हा चौपट फरक मेगापिक्सेलच्या आकड्यापेक्षा जास्त बोलतो. सोनीच्या 2012 च्या आरएक्स100 मध्ये असा मोठा सेन्सर होता. टचस्क्रीन त्या मालिकेला 2018 मध्ये सहाव्या आवृत्तीत मिळाली. बोटाने चालणारा कॅमेरा 2005 मध्येच आणणाऱ्या कंपनीने पाच आवृत्त्या तिच्याविना विकल्या, आणि त्या नावाजल्या गेल्या. कॅननच्या 2014 च्या जी7 एक्समध्ये मात्र दोन्ही एकत्र आले.

कॅमेरा घेण्यापूर्वी दुकानाच्या दाराशी, उन्हात उभे राहावे. पडदा दिसतो का ते पाहावे, रस्त्यापलीकडच्या पाटीवर बोट ठेवावे, लगेच जवळच्या चेहऱ्यावर ठेवावे. फोकस रेंगाळला, तर तो कॅमेरा घेऊ नये.