लांडग्याच्या गोष्टीचे तात्पर्य

गुरुजी, गोष्ट संपली की आपण मुलांना विचारतो, "तात्पर्य काय?" मुलंही पाठ केलेलं वाक्य म्हणून मोकळी होतात. पण हे तात्पर्य गोष्टीतच असते, की सांगणारा ते मागाहून जोडतो? एका फ्रेंच गोष्टीचा इतिहास पाहा.

लाल टोपीवाली मुलगी आजीकडे निघते. वाटेत लांडगा भेटतो. तो पुढे जाऊन आजीला खातो आणि तिच्या अंथरुणात शिरून बसतो. शार्ल पेरोने ही गोष्ट १६९७ साली पॅरिसमध्ये छापली. पेरो चौदाव्या लुईच्या दरबारी वावरलेला गृहस्थ. त्याच्या गोष्टीत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथंच संपते! शेवटी पद्यात उपदेश आहे : मुलींनी परक्याच्या बोलण्याला भुलू नये, गोडबोल्या लांडग्यांपासून तर फारच जपावं. रोख रंगेल पुरुषांवर आहे, हे उघड आहे. जीव मात्र गेला पोरीचा.

पुढे १८१२ साली जर्मनीत ग्रिम बंधूंच्या संग्रहात हीच गोष्ट आली. तिथं शिकारी लांडग्याचं पोट फाडून दोघींना जिवंत बाहेर काढतो, आणि मुलगी ठरवते की आईनं मना केल्यावर पुन्हा वाट सोडायची नाही. म्हणजे तात्पर्य झालं आज्ञापालन.

आता खेड्यातली गोष्ट ऐका. फ्रान्सच्या निव्हर्ने भागात एकोणिसाव्या शतकात ती लोकांच्या तोंडून टिपून घेतली गेली. पुष्कळ अभ्यासक तिचा घाट पेरोच्याही आधीचा मानतात. इथं लाल टोपी नाही, शिकारीही नाही. मुलगी म्हणते, "मला बाहेर जायचंय." लांडगा तिच्या पायाला दोरा बांधून सोडतो. ती अंगणात जाते, दोरा सोडून अलूबुखारच्या झाडाला बांधते आणि थेट घर गाठते. लांडगा आपला आत हाका मारतोय!

आपली भोपळ्यातली म्हातारी आठवली ना? लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा, असं वाघाला सांगून निसटणारी? तिच्यासारखी म्हातारी इराणी गोष्टींतही भेटते. रानातून एकटी का निघालीस, असं तिला कोणी दरडावत नाही.

वर्गात एकदा पेरोची आणि निव्हर्नेची, दोन्ही गोष्टी सांगून पाहा. तात्पर्य विचारू नका, थोडं थांबा. वाडीवरून रोज एकटी चालत शाळेत येणारी एखादी मुलगी वर्गात असेल. ती आधी कशाबद्दल बोलते, ते ऐका.