मोजपट्टीचा माणूस : जॉन कर्ट्झकी आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

१/ अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञ जॉन कर्ट्झकी (१९२६–२०१५) यांनी ‘मल्टिपल स्क्लेरोसिस कशामुळे होतो?’ या प्रश्नाचा अनेक दशके पाठपुरावा केला. वैद्यकविश्वाने मात्र त्यांचे नाव सर्वाधिक उच्चारले ते एका मोजपट्टीसाठी. असे का झाले? #थ्रेड

२/ या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. कुणाची दृष्टी मंदावते, कुणाचे पाय जड होतात, कुणाचा तोल जातो. लक्षणे पुष्कळदा आपोआप ओसरतातही. मग गुण आला तो औषधाने, की आजारच तात्पुरता मागे हटला?

३/ १९५० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात तरुण कर्ट्झकींपुढे हाच पेच होता. क्षयरोगावर नुकतेच आलेले आयसोनियाझिड इथेही चालेल, अशी आशा होती. ती पारखायची तर रुग्णाची अवस्था आकड्यांत मांडणे भाग होते. १९५५ मध्ये त्यांनी ० ते १० अशी श्रेणी प्रसिद्ध केली. ० म्हणजे तपासणीत दोष नाही. १० म्हणजे या आजाराने मृत्यू.

४/ पुढे अनेक रुग्णालयांत मिळून झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९५७ मध्ये आला : आयसोनियाझिडचा उपयोग नाही. औषध मागे पडले, मोजपट्टी उरली.

५/ १९८३ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात तिची विस्तारित आवृत्ती आली. आता अर्ध्या-अर्ध्या गुणाने नोंद होऊ लागली. ६ म्हणजे एका काठीच्या आधाराने सुमारे १०० मीटर चालणे. ७ म्हणजे चाकाची खुर्ची. १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा-१बी या औषधाला मान्यता मिळाली आणि नव्या औषधांच्या चाचण्यांचे युग सुरू झाले. जवळपास प्रत्येक चाचणीला हीच श्रेणी लागली आणि तिच्यासोबत १९८३ च्या निबंधाचा उल्लेखही. असे उल्लेख हजारोंच्या घरात गेले.

६/ यात एक जुना नियम दिसतो. शोधापेक्षा साधनाचा उल्लेख अधिक होतो. विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक उद्धृत ठरलेला, ऑलिव्हर लाउरी व सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंधही प्रथिने मोजण्याच्या पद्धतीचाच आहे. उल्लेखांची संख्या उपयुक्तता सांगते. निर्दोषता सांगत नाही.

७/ कारण ही मोजपट्टी सदोष आहे. तिच्या पायऱ्या समान अंतराच्या नाहीत. ४ च्या पुढे सारा भर चालण्यावर. हातांचे कौशल्य आणि स्मरणशक्ती यांना न्याय मिळत नाही. दोन डॉक्टर एकाच रुग्णाला वेगळे गुण देऊ शकतात. तरीही ती टिकली, कारण जुन्या-नव्या चाचण्यांची तुलना करायला समान भाषा हवी होती.

८/ कर्ट्झकींचे दुसरे काम तेवढेच मोठे होते. अमेरिकी सैन्याच्या नोंदींतून त्यांनी व सहकाऱ्यांनी ५,३०५ रुग्णांचा अभ्यास केला. उत्तरेकडील राज्यांत वाढलेल्यांना धोका अधिक, दक्षिणेकडे कमी, हे त्यातून स्पष्ट झाले. आजाराच्या मुळाशी परिसराचा काही वाटा असावा, असा त्याचा अर्थ होता.

९/ मग उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटे. १९४० ते १९४५ या काळात तिथे ब्रिटिश फौजा होत्या. १९७९ मध्ये कर्ट्झकी आणि डॅनिश संशोधक हिलेस्टेड यांनी मांडले की १९४३ पूर्वी बेटावरील रहिवाशांत हा आजार आढळत नाही. त्यानंतर मात्र रुग्णांची लाट दिसते. सैनिकांसोबत एखादा संसर्ग आला असावा, हा त्यांचा तर्क.

१०/ आक्षेप आले. आधीचे रुग्ण निदानाविनाच राहिले असतील तर? इतक्या थोड्या रुग्णांवरून साथ ठरवता येते का? वाद मिटला नाही आणि तो संसर्ग कोणता, हेही सापडले नाही.

११/ २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातीलच १ कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींतून दिसले, की एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो. हा विषाणू जगभर बहुतेकांना गाठतो. म्हणून फेरोचे कोडे याने सुटत नाही. मात्र मुळाशी संसर्ग असावा, या जुन्या संशयाला बळ मिळाले.

१२/ कर्ट्झकी २०१५ मध्येच निवर्तले होते. उल्लेखांच्या यादीत त्यांची मोजपट्टी वर आहे आणि त्यांचा प्रश्न खूप खाली. पण इतिहास वाचताना दोन्ही एकत्र पाहावे लागतात : नवे औषध रुग्णाला आणखी किती काळ चालते ठेवील, याचा अंदाज पहिल्यामुळे येतो, तो आजारीच का पडला, हे विचारण्याचा धीर दुसऱ्यामुळे. (समाप्त)